उमेदवार पाळकाचें घर



वकिलीची सनद घेण्यापूर्वीं तरुण मनुष्य एखाद्या नामांकित वकिलाच्या कचेरींत बसतो. डॉक्टर होण्यापूर्वीं विद्यार्थी रुग्णालयांत वर्षभर राबतो. होऊं घातलेल्या शिक्षकालाहि परक्या वर्गावर नमुन्याचे पाठ द्यावे लागतात. उमेदवारी ही कोणत्याहि व्यवसायांतली जुनी रीत आहे. परंतु या सर्व ठिकाणीं परीक्षा होते ती एकट्या उमेदवाराची. वकिलाच्या घरांत पाहुण्यांचें स्वागत कसें होतें, डॉक्टरचीं मुलें रविवारीं सकाळीं किती वेळ गप्प बसतात, याची चौकशी सनद देणारें मंडळ करीत नाहीं. आज मी ज्या उमेदवारीविषयीं बोलणार आहें ती मात्र निराळ्या जातीची आहे. कागदावर तेथें एकाच मनुष्याचें नांव असतें. प्रत्यक्षांत त्याचें सारें बिऱ्हाड उमेदवारीला बसलेलें असतें.

ही उमेदवारी आहे अमेरिकेंतल्या ल्यूथरन पाळकाची. पास्टर या शब्दाला आपल्याकडील ख्रिस्ती मंडळींत पाळक असा सुंदर मराठी शब्द रूढ आहे. तोच मी येथें वापरणार आहें. पाळक होऊं इच्छिणाऱ्यानें महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर धर्मविद्यालयांत, म्हणजे सेमिनरींत, साधारणपणें चार वर्षें काढावयाचीं असतात. पहिलीं दोन वर्षें पुस्तकांचीं: बायबलच्या मूळ भाषा, चर्चचा इतिहास, उपदेश रचण्याची विद्या. तिसरें वर्ष विद्यालयाबाहेर, कुठल्या तरी दूरच्या गांवच्या चालत्या मंडळींत, तेथल्या अनुभवी पाळकाच्या हाताखालीं. चौथें वर्ष पुन्हां विद्यालयांत. तिसऱ्या वर्षाच्या या उमेदवाराला मिसूरी सिनॉड या जुन्या वळणाच्या संघांत व्हिकर म्हणतात, आणि १९८८ सालीं तीन संघ एकत्र येऊन बनलेल्या मोठ्या ल्यूथरन संघांत इंटर्न म्हणतात. अलीकडे घरींच राहून दूरशिक्षणानें शिकणारे विद्यार्थी वाढले आहेत, आणि अभ्यास व उमेदवारी एकाच वेळीं करण्याची सोयहि झाली आहे. तथापि बिऱ्हाड हलवून काढलेलें पुरें वर्ष हा या शिक्षणाचा जुना नमुना अद्याप चालू आहे, आणि माझें बोलणें त्याविषयीं आहे.

पाळकाच्या घराला एवढें महत्त्व कां आलें हें कळण्यास पांचशें वर्षें मागें गेलें पाहिजे. रोमन चर्चचा पुरोहित ब्रह्मचारी असे. मार्टिन ल्यूथर हा स्वतः मठवासी व्रतस्थ होता. १५२३ सालीं ईस्टरच्या सुमारास निम्बशेन येथील मठांतून कांहीं जोगिणी पळाल्या. मठाला मासळी पोंचविणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाडींतून त्या रातोरात बाहेर पडल्या असें सांगतात. त्यांतली एक कॅथरीना फोन बोरा. १५२५ च्या जूनमध्यें ल्यूथरनें तिच्याशीं लग्न केलें. तो एकेचाळीस वर्षांचा, ती सव्वीस वर्षांची. विटेनबर्गच्या ज्या मठांत तो एके काळीं संन्यस्त वृत्तीनें राहिला होता, तोच मठ या जोडप्याचें घर झाला.

तें घर चालविलें कॅथरीनानें. मठाच्या खोल्यांत तिनें विद्यार्थी ठेवले व त्यांच्याकडून राहण्याजेवण्याचे पैसे घेतले. बाग लावली, गुरें पाळलीं, घरची बिअर केली, पुढें शेतहि विकत घेतलें. सहा मुलें झालीं. त्यांतली एक मुलगी तान्हेपणींच गेली आणि दुसरी, मॅग्डालेना, तेराव्या वर्षीं बापाच्या डोळ्यांदेखत वारली. जेवतांना ल्यूथर जें बोले तें भोंवतालचे विद्यार्थी टिपून घेत, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ सालीं, तें संभाषण ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. ज्या पंक्तीवर तें ज्ञान सांडलें त्या पंक्तीचा जमाखर्च कॅथरीना संभाळीत होती.

१५२९ सालीं ल्यूथरनें लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तिची योजनाच अशी आहे कीं, घरच्या कर्त्या पुरुषानें ती आपल्या मुलामाणसांना साध्या रीतीनें शिकवावी. धर्मशिक्षणाची पहिली शाळा घर, आणि मग साहजिकच पाळकाचें घर म्हणजे त्या शाळेचा नमुना, अशी समजूत त्यांतून दृढ झाली. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरांत डोकावून पाहण्याची इच्छा लोकांना होतेच. येथें तर त्या डोकावण्याला शास्त्राधार मिळाला.

या पहिल्या पाळकपत्नीची अखेर मात्र फारशी सांगितली जात नाहीं. ल्यूथरनें मृत्युपत्रांत सर्व कांहीं तिच्या नांवें केलें होतें. पण सॅक्सनीच्या कायद्याला बायकोला असें वारस करणें मान्य नव्हतें. १५४६ सालीं तो वारला, त्याच वर्षीं लढाई पेटली, आणि मुलांना घेऊन तिला विटेनबर्ग सोडावें लागलें. परत आली तों शेताची नासधूस झालेली. १५५२ सालीं प्लेगच्या भीतीनें पुन्हां गांव सोडतांना गाडीचा अपघात झाला आणि त्याच दुखण्यांत ती टॉरगाऊ येथें डिसेंबरांत मरण पावली. पाळकाच्या पदराला बांधलेलें माणूस कोणत्या आधारावर उभें असतें हा प्रश्न इतका जुना आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. या देशांत ल्यूथरन लोक आले ते जर्मनी व स्कॅंडिनेव्हिया येथून, लाटेमागून लाट. गेटिसबर्गचें धर्मविद्यालय १८२६ सालचें. १८६३ च्या प्रसिद्ध लढाईंत त्याच्या इमारतीचें इस्पितळ झालें होतें. सॅक्सनीहून निघालेल्या एका समुदायानें १८३९ सालीं मिसूरीच्या रानांत ओंडक्यांच्या खोपटांत शाळा घातली. सेंट लुईचें आजचें कॉन्कॉर्डिया धर्मविद्यालय तें हेंच. त्याच संघाचें दुसरें विद्यालय फोर्ट वेन येथें आहे. या दोन विद्यालयांतला एक प्रघात माझ्या विषयाला फार जवळचा आहे.

दर वर्षीं वसंत ऋतूंत, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभीं, तेथील मंदिरांत उपासना होते आणि तींत नेमणुका वाचून दाखवितात. विद्यार्थ्याचें नांव, मग त्याला कोणत्या राज्यांतल्या कोणत्या मंडळीकडे पाठविलें तें. परंपरा अशी कीं, त्या क्षणापर्यंत तें त्याला ठाऊक नसतें. बांकावर बसलेली त्याची पत्नी तें नांव त्याच क्षणीं, त्याच सभेंत, शेंकडों लोकांसमोर ऐकते. कॅन्सासचें एखादें खेडें निघेल, फ्लोरिडाचें शहर निघेल, किंवा जेथें वर्षांतले पांच महिने बर्फ असतें असा मिनेसोटाचा कोपरा निघेल. टाळ्या होतात, माणसें हंसतात, एकमेकांना मिठ्या मारतात. परंतु तिची नोकरी जर परिचारिकेची किंवा शिक्षिकेची असेल तर ती मनांतल्या मनांत हिशेब करूं लागलेली असते: त्या राज्याचा परवाना निराळा काढावा लागेल का, मोठ्या मुलाची शाळा कोणती, आणि दिवस गेलेले असतील तर बाळंतपण कोठें.

हा हिशेब एकदांच करून संपत नाहीं. माहेरच्या गांवाहून विद्यालयाच्या गांवीं, तेथून उमेदवारीच्या गांवीं, तेथून परत विद्यालयाच्या गांवीं, आणि दीक्षा मिळाल्यावर पहिल्या मंडळीच्या गांवीं: चार वर्षांच्या अवधींत चार वेळां घर हलतें. पहिल्या वर्गांत गेलेलें मूल चौथ्या इयत्तेपर्यंत तीन शाळा पाहतें. दूरशिक्षणाकडे विद्यार्थी वळले त्याचें एक कारण हें हलणें असावें, असें मला वाटतें.

पैशाचीहि गोष्ट सांगितली पाहिजे, कारण धर्माच्या गोष्टींत ती कोणी काढीत नाहीं. उमेदवाराला मंडळी राहण्याची सोय आणि माफक मानधन देते. त्यावर चार माणसांचें पोट भरणें कठीण, म्हणून बहुधा पत्नी कमावते. विद्यालयांत असतांना मात्र एक चांगली व्यवस्था असते. सेंट लुई आणि फोर्ट वेन या दोन्ही ठिकाणीं विद्यार्थ्यांच्या कुटुंबांकरितां अन्नाचें कोठार आणि कपड्यांचें भांडार चालतें. मंडळ्या धान्य, मांस, डबे, साबण, मुलांचे कोट पाठवितात. दान घेण्याचा संकोच पुष्कळांना आरंभीं होतो. मला तर वाटतें कीं, पुढें जन्मभर दुसऱ्याच्या अडचणींत त्याच्या दारीं जावयाचें ज्याच्या नशिबीं आहे, त्यानें एकदां तरी पिशवी घेऊन रांगेंत उभें राहिलेलें बरें.

ऑगस्टच्या सुमारास बिऱ्हाड नव्या गांवीं येतें. दारापाशीं मंडळीच्या बायका झांकलेलीं भांडीं घेऊन उभ्या असतात. पहिले आठ दिवस चूल पेटवावी लागत नाहीं. अमेरिकन ल्यूथरन मंडळीचा हा आतिथ्यधर्म खरोखर वाखाणण्याजोगा आहे. मंदिराच्या तळघरांत स्वयंपाकघर असतें, आणि उपासनेनंतर तेथें कॉफी झाल्याशिवाय रविवार पुरा होत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या घरून एक पदार्थ करून आणावयाचा आणि सर्वांनीं मिळून जेवावयाचें अशा पंगती वारंवार होतात. नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या मंडळींत शरद ऋतूंत लुटेफिस्कची पंगत असते. वाळविलेला मासा क्षाराच्या पाण्यांत फुगवून, मग धुऊन शिजविलेला असा तो बुळबुळीत पदार्थ असतो, आणि नव्या उमेदवाराच्या पत्नीनें तो खाऊन वर दुसऱ्यांदा मागून घेतला म्हणजे निम्मी मंडळी जिंकली असें समजावें.

परंतु हीच माया थोड्या दिवसांनीं हक्काचें रूप घेते. ती गाते का? पियानो वाजविते का? रविवारच्या शाळेंत लहान मुलांचा वर्ग घेईल का? हे प्रश्न प्रेमानेंच विचारलेले असतात, पण ते डॉक्टरच्या बायकोला कोणी विचारीत नाहींत. पुरुष पाळक आणि त्याची पत्नी ही जोडी डोळ्यांपुढें ठेवूनच हा सारा सांचा घडला आहे. मिसूरी सिनॉड स्त्रियांना पाळकदीक्षा देत नाहीं, त्यामुळें तेथें तो अभंग आहे. इतर कांहीं संघांनीं १९७० सालीं दार उघडलें. त्या वर्षीं नोव्हेंबरमध्यें एलिझाबेथ प्लाट्झ यांना दीक्षा मिळाली. आज तिकडे पुष्कळ उमेदवार स्त्रियाच असतात. आणि गंमत अशी कीं, उमेदवार बाईच्या नवऱ्याला पियानोविषयीं कोणी विचारीत नाहीं. तो रविवारीं दोन मुलांना घेऊन वेळेवर येऊन बसला एवढ्यानेंच लोक त्याचें कौतुक करतात. पत्नीकडे जें गृहीत धरलें जातें तें पतीकडून आलें तर उपकार ठरतें. हा नियम केवळ अमेरिकेचा नाहीं.

धर्मकार्याच्या घराची ही बाजू आपल्या वाचकांना अगदींच अपरिचित नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक ल्यूथरन नव्हते, त्यांचा काळ निराळा, त्यांचा मार्गहि निराळा. पण १९३४ सालापासून प्रसिद्ध झालेलीं लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना एवढें ठाऊक आहे कीं, देवाचें बोलावणें एकाला येतें आणि पिठाच्या डब्याकडे पाहण्याचें काम दुसऱ्याकडे येतें. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आपल्या पायांनीं तेथवर पोंचल्या त्या १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें कोणाच्या उमेदवारीचीं होतीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आतां रविवारची सकाळ पाहूं. उमेदवार पांढरा झगा घालून पुढें असतो. त्याची पत्नी तिसऱ्या किंवा सातव्या बांकावर, एक मूल मांडीवर आणि एक बाजूला घेऊन, एकटी बसलेली असते. तीन वर्षांचा मुलगा बापाला ओळखतो आणि मोठ्यानें हांक मारतो, लोक हंसतात. दुसऱ्या रविवारींहि हंसतात. नोव्हेंबरांत कोणी हंसत नाहीं. तोपर्यंत ती मुलाच्या खिशांत बिस्किटें आणि रंगाच्या कांड्या ठेवून तासभर सैन्य संभाळण्याची कला शिकलेली असते. पाळकाच्या पत्नीला रविवारीं नवरा नसतो, असें तिकडे म्हणतात, आणि तें थट्टेनें म्हणत असले तरी थट्टा नव्हे.

त्या पुढें उभ्या असलेल्या तरुणाचा अधिकार किती? तो बायबलचे पाठ वाचतो, महिन्यांतून एकदां किंवा दोनदां उपदेश करतो, मुलांचा दृढीकरणाचा वर्ग घेतो, रुग्णांना भेटतो. परंतु प्रभुभोजनाचा विधि तो चालवीत नाहीं. १५३० सालच्या आउग्सबुर्ग येथील कबुलीजबाबाच्या चौदाव्या कलमांत म्हटलें आहे कीं, रीतसर बोलावणें आल्यावांचून कोणीं चर्चमध्यें जाहीर शिकवूं नये आणि संस्कार देऊं नयेत. उमेदवाराचा उपदेश वरिष्ठ पाळकाच्या देखरेखीखालीं चालतो. पण भाकरी व द्राक्षारस यांवर वाक्यें म्हणण्याची वेळ आली म्हणजे तो बाजूला होतो आणि मागाहून प्याला हातांत घेऊन रांगेपुढून जातो. मला तर वाटतें, त्या वर्षांतलें खरें शिक्षण या प्याल्यानें होतें. पुढें येणारे हात त्याला दिसतात: शेतकऱ्याचे भेगाळलेले, म्हातारीचे थरथरणारे, परवांच नवरा पुरलेल्या बाईचे. त्याच रांगेंत त्याची पत्नी गुडघे टेकते आणि तिला प्याला देतांना तो तिला इतरांसारखेंच शब्द बोलतो. आदल्या रात्रीं भाड्यावरून बोलाचाली झालेली असली तरीहि तेच शब्द.

वर्षाचा क्रम थोडक्यांत सांगतों. सप्टेंबरांत रविवारची शाळा उघडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं धर्मसुधारणेचा उत्सव. मग आगमनकाळ, चार मेणबत्त्या, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळीं एकामागून एक उपासना. त्या संध्याकाळीं बाकीच्या घरांत बाप मुलांजवळ बसलेला असतो. या घरांत तो दहानंतर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्यें उपवासकाळ लागला कीं दर बुधवारीं तळघरांत सूप आणि भाकरी, वर उपासना. हिंवाळ्यांत म्हातारीं माणसें अधिक दगावतात. बहुतेक उमेदवारांनीं याआधीं एखाद्या उन्हाळ्यांत इस्पितळांत आजाऱ्यांच्या सेवेचें शिक्षण घेतलेलें असतें. त्याचा एक भाग चारशें तासांचा धरतात. पण इस्पितळांतला रोगी अनोळखी असतो. येथें जो जातो त्यानें सप्टेंबरांत स्वतःच्या हातानें यांचें बिऱ्हाड उतरविलेलें असतें. उमेदवाराच्या मुलांना तो खिशांतून पेपरमिंट काढून देत असे. मग पेटीजवळ उभें राहून प्रार्थना म्हणतांना बापाचा आवाज कां फिरला हें मुलांना कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

येथें मी या विषयाच्या गाभ्याशीं येतों. मंडळींतल्या कोणाहि माणसावर संकट आलें कीं तें पाळकाकडे जातें. उमेदवाराच्या पत्नीनें कोणाकडे जावें? मूल पोटांतच गेलें, माहेरीं आई अंथरुणाला खिळली, किंवा तिला स्वतःलाच या मार्गाविषयीं शंका वाटूं लागली, तर तिचा पाळक कोण? नवरा हा तिचा नवरा आहे. रात्रीं साडेनऊला सभेहून आलेल्या नवऱ्याला पाळक करतां येत नाहीं. गांवांत दुसरा पाळक एकच, त्याचा वरिष्ठ. तो मनानें कितीहि दयाळू असो, त्यालाच वर्षाच्या मध्यें आणि अखेरीस विद्यालयाकडे अहवाल पाठवावयाचा असतो. मंडळींतल्या कांहीं सभासदांची एक समितिहि असते. ती महिन्या दोन महिन्यांनीं उमेदवाराला भेटते, त्याच्या उपदेशाविषयीं व वागणुकीविषयीं मोकळेपणानें सांगते आणि आपलें मत लिहून देते. त्या समितीवरच्या बायकाच तिच्या नव्या मैत्रिणी असतात. तेव्हां ज्यांच्याजवळ रडावें त्या सर्वांच्या हातांत लेखणी असते. मग ती पाण्याचा नळ सोडून भांडीं घासते आणि विचारणाऱ्याला सारें उत्तम आहे म्हणून सांगते.

हा दोष कोणा दुष्ट माणसाचा नाहीं. व्यवस्थाच अशी आहे कीं प्रेम करणारे आणि गुण देणारे तेच लोक आहेत. जाणतीं माणसें यावर उपाय काढतात. कोणी शेजारच्या गांवच्या निराळ्या मंडळीच्या पाळकाशीं ओळख ठेवतात. कोणी आपल्या मूळ मंडळीच्या पाळकाला दर पंधरवड्यास फोन करतात. वरिष्ठ शहाणा असला तर तोच पहिल्या महिन्यांत अशा कोणाचें तरी नांव सुचवितो, आणि आठवड्यांतला एक दिवस उमेदवारानें मंदिराकडे फिरकूं नये असा दंडक घालतो. उमेदवारीच्या आरंभीं जो शिक्षणाचा करार लिहिला जातो त्यांत किती उपदेश, किती भेटी, किती वर्ग हें असतें. या एका दिवसाचें कलम त्यांत ठळक अक्षरांत असावें असें माझें मत आहे, आणि त्यावर पत्नीचीहि सही घ्यावी.

जुलै उजाडला कीं उलटी गणती सुरू होते. मुलांची उन्हाळ्यांतली बायबलशाळा संपते, शेवटचा अहवाल जातो. मुलाला शाळेंत एक मित्र मिळालेला असतो, पत्नीला टोमॅटोची वाफ साधलेली असते. आणि तेव्हांच जावयाचें असतें. मंडळीला तो आवडला तरी तिनें त्याला सहसा ठेवून घेऊं नये, असा संकेत आहे. अपवाद होतात, पण संकेत शहाणपणाचा आहे. अपूर्ण अधिकारानें ज्या घरांत मनुष्य वावरला तेथेंच पूर्ण अधिकारानें परत येणें अवघड असतें. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन ल्यूथरन तरुणानें १९२८ साल बार्सिलोना येथील जर्मन मंडळींत असेंच उमेदवार म्हणून काढलें. मुलांसाठीं रविवारची उपासना सुरू केली, घरोघर हिंडून मुलें गोळा केलीं. तेथें राहण्याचा आग्रह त्याला झाला. तो १९२९ च्या फेब्रुवारींत बर्लिनला परतला. पुढें हिटलरच्या राजवटीशीं झगडतांना १९४५ सालीं त्याला फांशीं दिलें गेलें. पण तो त्या वर्षीं अविवाहित होता; त्याला पेट्या भरावयाच्या होत्या त्या स्वतःच्याच.

शेवटच्या रविवारीं मंडळी उमेदवाराला पुढें बोलावून त्याच्यासाठीं प्रार्थना करते. पुष्कळ ठिकाणीं त्याच्या कुटुंबालाहि पुढें बोलावितात. तेवढ्यानें बाईच्या वर्षाची दखल घेतली जाते. तळघरांत पुन्हां कॉफी, पुन्हां झांकलेलीं भांडीं. कोणी गोधडी शिवून देतें, कोणी वाटखर्चाचें पाकीट मुलाच्या हातांत ठेवतें. प्याला ज्यांना दिला त्यांतले दोघे तिघे रांगेंत नसतात.

मग चौथें वर्ष. मोठ्या संघांत शरद ऋतूंत एक लांबलचक निबंध लिहून समितीपुढें मुलाखत द्यावी लागते, आणि संमति मिळाली म्हणजे नेमणुकीचे कागद भरावयाचे असतात. मिसूरी सिनॉडमध्यें नेमणुकीच्या बोलण्याला पत्नीलाहि बोलावण्याचा प्रघात आहे. त्या कागदांत एक जागा अशी असते कीं, घरच्या कारणासाठीं देशाच्या अमुक भागांतच राहणें आवश्यक असल्यास तसें लिहावें. आईचें आजारपण, जोडीदाराची नोकरी, मुलाची विशेष शाळा, कांहींहि. मोकळी ठेवली तर नेमणूक लौकर होते. भरली तर कदाचित् पुष्कळ थांबावें लागतें. दुसऱ्या वर्षीं हा प्रश्न आला असता तर बहुतेक तरुणांनीं ती जागा न विचारतां कोरी सोडली असती. उमेदवारीहून परतलेला मनुष्य तो कागद घरीं घेऊन येतो, मुलें निजल्यावर जेवणाच्या टेबलावर मांडतो, आणि लेखणी आधीं तिच्यापुढें सरकवितो.